नवा लॉट आला की पहिला इन्सर्ट का जातो? प्रोफाइल कटिंगचा माल आणि कॅममधला झिरो

लक्षण असं. प्रोफाइल कटिंग करून, म्हणजे जाड प्लेटमधून गॅसनं आकारात कापून, आणलेले एल आकाराचे ब्लँक (मशीनिंगआधीचे कच्चे तुकडे). नवा लॉट लागला की पहिल्या दोन-तीन पीसमध्ये रफिंगच्या (जादा माल भराभर काढायच्या) कटरचा एक तरी इन्सर्ट, म्हणजे बदलायची धार, उडणार. जागाही ठरलेली, एलच्या आतल्या कोपऱ्यात. पीस मात्र मापात येतो. इन्सर्ट बदलायचा, फीड खाली आणायचा, मग उरलेला लॉट कसाबसा पार पडतो आणि पुढचा लॉट येईपर्यंत सगळे विसरून जातात.

आमच्याकडे रबाळे एमआयडीसीत हे चौथ्या लॉटपर्यंत चाललं. कोणाकडे असंच होत असेल तर आम्ही कुठे कुठे चुकीचं शोधलं आणि शेवटी काय निघालं, ते लिहितोय.

आधी संशय इन्सर्टवर. ग्रेड बदलली. मग होल्डरला डायल लावला, रनआउट (फिरताना डुलणं) ठीक. मग पोस्ट प्रोसेसरवर, म्हणजे कॅम सॉफ्टवेअरनं ठरवलेला टूलचा रस्ता मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या भागावर, संशय, त्यात माझे दोन दिवस गेले. मग "मटेरियलच खराब आहे" हे सगळ्यांचं आवडतं उत्तर. झिरोकडे, म्हणजे जिथून मशीन सगळी मापं मोजते त्या बिंदूकडे, कोणी बघितलंच नाही, कारण पीस मापात येत होता. झिरो चुकला असता तर पीस रिजेक्ट झाला असता, असं आम्ही धरून चाललो होतो. तिथेच फसलो.

आता हा ठोकळा न घेता एल कापून का आणायचा, ते एकदा सांगतो, कारण पुढचा सगळा त्रास त्यातूनच येतो. फिनिश पीस ४०० बाय ३०० चा. प्रत्येक बाजूला ५ मिमी धरून ब्लँक ४१० बाय ३१०, प्लेट ५० ची. अख्खा ठोकळा घेतला तर वजन ४९.९ किलो. त्यातून २८० बाय १९० चा तुकडा कटिंगमध्येच काढून टाकला की जवळजवळ २१ किलो लोखंड कमी होतं आणि ब्लँक २९ किलोवर येतो. ते २१ किलो व्हीएमसीवर (आमच्या मिलिंग मशीनवर) चिप करून काढायचे म्हटले तर मिनिटाला १०० घनसेंटिमीटर धरूनही २६ मिनिटं जातात. चौदा पीसच्या लॉटला सहा तास. शिवाय ५० किलोचा ठोकळा टेबलावर उचलून ठेवणार कोण? २९ किलोचा दोघं जण ठेवतात. चौदाचे चौदा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून एका छोटा हत्तीत येतात.

तर आकाराचा माल घेणं बरोबरच आहे. पण ठोकळा दिला तर कॅम सॉफ्टवेअर भित्रं असतं, सगळीकडे माल आहे असं समजून हळू जातं. आकार दिला की ते धीट होतं. आकाराबाहेर माल नाही यावर त्याचा पूर्ण विश्वास, आणि त्या मोकळ्या जागेतून टूल थेट रॅपिडनं (न कापता, पूर्ण वेगानं) फिरतं. आपण दिलेला आकार खोटा असेल तर किंमत कटर मोजतो.

गाठ सुटली ती ऑपरेटर काकांच्या एका वाक्यानं. चौथ्या लॉटचा दुसरा पीस रफ झाला होता. त्यांनी कापडानं कूलंट पुसलं आणि मला हाक मारली. "अरे, डावीकडं काळं राहतंय बघ. उजवीकडं नाही."

खरंच, डाव्या बाजूच्या खालच्या काठावर गॅस कटिंगची काळी कातडी ठिपक्याठिपक्यांनी उरली होती. रफिंगला आम्ही अर्धा मिमी फिनिशसाठी ठेवतो. म्हणजे डावीकडून साडेचार निघायला हवे होते. साडेचार काढल्यावर काळं राहायचं कारणच नव्हतं. मोजलं तर डावीकडून अडीच निघाले होते आणि उजवीकडून त्यापेक्षा खूपच जास्त. पुढच्या फिनिश पासमध्ये ते ठिपके निघून जायचे आणि पीस ४०० चा ४०० यायचा. दोन मिमीची चूक अलाउन्सच्या (जादा ठेवलेल्या मालाच्या) पोटात गडप होत होती.

ते दोन मिमी आले कुठून? फ्युजनमध्ये (आमचं कॅम सॉफ्टवेअर) सेटअप करताना मी स्टॉक (कापायचा माल) "फ्रॉम सॉलिड" ठेवला होता, म्हणजे ब्लँकची वेगळी बॉडी काढून तीच स्टॉक म्हणून दिलेली. इथवर ठीक. झिरो मात्र आपोआप येतो तसाच राहू दिला, स्टॉक बॉक्सच्या वरच्या मध्यावर. एल आकाराला हा बॉक्स म्हणजे त्याच्याभोवतीचा कल्पित आयत. ४१० बाय ३१० चा मध्य डाव्या-पुढच्या कोपऱ्यापासून २०५ आणि १५५ वर येतो. आमच्या एलची उभी टांग १३० रुंद, आडवी १२०. म्हणजे झिरो चक्क एलच्या पोकळीत, हवेत. तिथे टच करायला काहीच नाही.

काकांनी त्यावर आपला उपाय काढला होता. टेबलावर डावीकडे आणि पुढे कायमचे स्टॉपर. पहिल्या लॉटला स्टॉपरपासून २०५ आणि १५५ मोजून जी ५४, म्हणजे मशीनमधली झिरोची नोंद, भरला आणि तो तसाच ठेवला. पहिल्या लॉटला काही झालं नाही. दुसऱ्या लॉटपासून कटिंगवाल्याला सांगितलं की क्लॅम्पिंगला उजवीकडे थोडं जास्त ठेव. त्यानं ४ मिमी जास्त ठेवले. मी शहाणपणा करून कॅममधली ब्लँकची बॉडीही ४१४ ची केली, प्रोग्राम परत पोस्ट केला, त्याच नंबरानं. बॉडी एका बाजूला ४ नं वाढली की बॉक्सचा मध्य २ नं सरकतो. प्रोग्रामचा झिरो २०७ वर गेला, मशीनचा २०५ वरच राहिला.

बाकीचं हिशोबानं येतं. प्रोग्रामच्या मते माल खरा आहे त्यापेक्षा दोन मिमी डावीकडे. म्हणून डावीकडे काळं. म्हणूनच उभ्या टांगेच्या आतल्या काठाला साडेचारच्या जागी साडेसहा मिमीचा घास. आणि आतल्या कोपऱ्यात आणखी एक भानगड. माझ्या बॉडीत तो कोपरा धारदार, काटकोनी. कटिंगवाल्याची टॉर्च तिथे गोल वळते. १५ रेडियसनं वळली तर कोपऱ्यात तिरप्या दिशेनं सहाएक मिमी माल जास्त राहतो (रेडियसच्या ०.४१ पट). हा माल कॅमच्या हिशोबात कुठेच नाही. साडेसहा तिथले, त्यात हे सहा, २५ चा दोन इन्सर्टचा कटर पूर्ण फीडवर. इन्सर्टची काय चूक?

आणि दर लॉटला का? कारण दर लॉटला माल थोडा वेगळा यायचा, मी दर वेळी इमानदारीनं बॉडी दुरुस्त करायचो, आणि दर वेळी झिरो हलायचा. जितकी काळजी जास्त, तितका झिरो जास्त फिरतोय, असा प्रकार.

झिरोचा उपाय सोपा निघाला. सेटअपमध्ये ओरिजिन "स्टॉक बॉक्स पॉइंट" वरून काढून "सिलेक्टेड पॉइंट" वर आणला, आणि तो पॉइंट मॉडेलच्या एका भोकाच्या सेंटरवर ठेवला. स्टॉक कितीही वाढवा, घटवा, हा पॉइंट हलत नाही. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरवर असाल तर नाव वेगळं असेल, पण हे एकदा तपासाच. स्टॉकची बॉडी मुद्दाम १० मिमीनं वाढवा आणि झिरोचा बाण हलतो का बघा. हलला तर आजार तुमच्याकडेही आहे.

आता ते भोक ब्लँकवर आणायचं कसं, कारण ब्लँकवर तर काहीच नाही. गॅस कटचा काठ एज फाइंडरनं पकडायचा नाद सोडून द्या. काठाला लाटा असतात, वरचा काठ वितळून गोल झालेला असतो, आणि वरचं माप खालच्या मापाशी जुळत नाही. आमच्या एका लॉटमध्ये ५० च्या जाडीत दोन मिमी टेपर होता. वर टच केलं तर एक झिरो, खाली केलं तर दुसरा.

आम्ही करतो ते असं. वागळे इस्टेटमधल्या एका लेझरवाल्याकडून ३ मिमी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची टेम्प्लेट कापून आणली, फिनिश पीसच्या बाह्यरेषेची, दोन भोकांच्या जागी ३ मिमीची दोन छिद्रं. ब्लँकवर ठेवायची आणि आरपार बघत सरकवायची, चारी बाजूंनी कुठेही निदान दोन मिमी माल बाहेर दिसेपर्यंत. आतला कोपरा नीट बघायचा. जमलं की छिद्रांतून सेंटर पंच. नाही जमलं तर तो ब्लँक मशीनवर चढवायचाच नाही. मशीनवर चढवून दोन तास घालवल्यावर कळण्यापेक्षा जमिनीवर दोन मिनिटांत कळलेलं बरं. बघताना टेम्प्लेट टेपरच्या लहान बाजूवर ठेवा, नाहीतर वर माल दिसतो आणि खाली काळं राहतं.

मग पहिला सेटअप. खालची बाजू फेस (सपाट) करायची आणि पंचच्या खुणेवरून दोन भोकं ८ एच ७ (८ मिमी, बारीक टॉलरन्समध्ये) रीम करायची. पंच फक्त जागा ठरवतो, दोन भोकांमधलं अंतर मशीन देते, त्यामुळे पंच पाव मिमी इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. आमच्या पीसला त्याच जागी एम १२ टॅप आहेत. म्हणून शेवटी त्याच भोकात १०.२ चं ड्रिल घालून टॅप मारला की डॉवेलचं (जागा ठरवणाऱ्या पिनचं) भोक नाहीसं. तुमच्या पीसला सोयीची भोकं नसतील तर क्लॅम्पिंगला ठेवलेल्या जादा मालात करा. दुसऱ्या सेटअपला फिक्स्चर प्लेटवर एक गोल डॉवेल आणि एक डायमंड पिन (एकाच दिशेला अडवणारी). झिरो गोल डॉवेलच्या सेंटरवर. काकांनी जी ५४ एकदा भरला, तो सहा महिने तसाच आहे. फरक इतकाच की आता तसाच राहणं बरोबर आहे.

फेस करताना एक गोष्ट. गॅस कट केलेली प्लेट क्वचितच सपाट असते. खाली फिलर गेज घालून बघा, जिथे फट तिथे शिम (पातळ पत्रा), मगच क्लॅम्प. शिम न लावता आवळलं तर क्लॅम्पच्या जोरानं प्लेट सरळ होते, फेस मस्त निघतो, आणि नट सोडला की ती पुन्हा आपल्या मूळ वाकावर येते. त्याआधी खालच्या काठावर चिकटलेला स्लॅग (वितळून थिजलेला मळ) ग्राइंडरनं काढा. एक मण्याएवढा स्लॅग खाली राहिला तरी ब्लँक एका कोपऱ्यावर डुगडुगतो.

कॅममध्ये किती मोठा ब्लँक काढायचा, यावर आमच्यात बराच वाद झाला. माझं आधीचं म्हणणं, ऑर्डर केला तेवढा. आता लॉट आला की सगळे ब्लँक मोजतो, वर आणि खाली, दोन्ही टांगांवर. चौदाला अर्धा तास लागतो. गेल्या लॉटमध्ये लांबी ४०७.५ ते ४१२ पर्यंत होती. कॅमच्या स्टॉकला सगळ्यात मोठा ब्लँक द्यायचा, आतल्या कोपऱ्याला खरा रेडियस देऊन. सगळ्यात लहान ब्लँक टूलपाथला द्यायचा नाही. त्यावर फक्त बघायचं, पीस निघतो की नाही. ४०७.५ मध्ये ४०० निघतो, पण मधोमध बसवला तरच, आणि मधोमध बसवायला टेम्प्लेट आहे. जाडीचंही तसंच. प्लेट ५० ची म्हणून ५० च असेल असं नाही. रिट्रॅक्टची (टूल वर उचलण्याची) उंची जाडात जाड जागेपेक्षा वर ठेवा. आमचे क्लॅम्प वरून आहेत, म्हणून आम्ही क्लॅम्पच्या बोल्टच्याही वर ठेवतो. पीसमागे दोन-चार सेकंद जातात. जाऊ देत.

कटिंगवाल्याशी बोलताना एक चूक आम्ही दोनदा केली. त्याला फिनिश पीसची डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) दिली आणि तोंडी सांगितलं, "दोन सूत सोड." दोन सूत म्हणजे पाव इंच, सव्वासहा मिमी. आम्हाला म्हणायचं होतं दर बाजूला. त्यानं एकूण धरले, बाजूला सव्वातीन आले. चूक त्याची नाही, फोनवर बोललो ती आमची. आता डीएक्सएफ ब्लँकचीच देतो आणि ड्रॉइंगवर लिहितो की या रेषेवर काही वाढवायचं नाही, कर्फ (कापताना जाणारी फट) रेषेच्या बाहेर घ्यायचा, पिअर्सिंग (टॉर्चनं पहिलं भोक पाडणं) भंगाराच्या बाजूला करायचं. कर्फ दोन-तीन मिमीचा असतो. टॉर्च रेषेच्या मधून नेली तर प्रत्येक बाजूचा मिमी-दीड मिमी तिथेच गेला. पिअर्सिंग पीसच्या काठावर केलं तर तिथे खड्डा पडतो आणि तो कधीकधी फिनिशमध्येही दिसतो. डीएक्सएफमध्ये मिमी की इंच, तेही बोलून घ्या. एसटीएल (थ्रीडी आकाराची) फाइल स्टॉक म्हणून घेत असाल तर तिच्यात युनिट नसतंच, आयात करताना आपणच सांगायचं असतं. पण तिथे २५.४ पट चूक होते, ती आंधळ्यालाही दिसते. छोट्या चुका जास्त वाईट.

झिरो बरोबर, आकार बरोबर, तरी इन्सर्टची धार लवकर जात असेल तर मात्र मटेरियलकडे बघा. साध्या एमएसला, म्हणजे आयएस २०६२ च्या प्लेटला, कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो. गॅस कटचा काठ फार कडक होत नाही. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास, ईएन २४ मध्येही तेवढाच आणि वर निकेल-क्रोम. तिथे टॉर्च पुढे गेली की मागचा तापलेला काठ आजूबाजूच्या गार लोखंडामुळे झटकन थंड होतो आणि हार्डन होतो. तपासायला लॅब नको. नवी कानस काठावर चालवा. चावली तर ठीक, काचेवरून घसरावी तशी घसरली तर काठ कडक आहे. अशा वेळी पहिला पास घाबरत अर्ध्या मिमीचा घेऊ नका. तो सगळा पास इन्सर्टला कडक कातडीतच घासत नेतो. कातडीच्या खाली जाईल एवढी खोली घ्या, फीड आणि स्पीड कमी ठेवा, आणि तो एक पास क्लाइंबऐवजी कन्व्हेन्शनल (फीडच्या उलट) दिशेनं काढून बघा. दात आतल्या मऊ लोखंडात शिरतो आणि कातडीला आतून बाहेर फोडतो. माल वारंवार ईएन ८ चा लागत असेल तर कटिंगआधी प्रीहीट करून घ्या, नाहीतर बँडसॉ किंवा वॉटरजेटनं कापून आणा. वॉटरजेट महाग पडतं, पण काठ तापतच नाही.

एल आकाराची अजून एक खोड म्हणजे टांगा उघडणं-मिटणं. प्लेटमध्ये रोलिंगचा ताण असतो, टॉर्चनं त्यात भर घातलेली असते, आणि आपण एका बाजूचा माल काढला की तो ताण वाट शोधतो. आम्ही सगळीकडून रफ करतो, मग क्लॅम्प सैल करतो, टांगेच्या टोकाला डायल लावून बघतो. एकदा ०.१२ नं हललेली पाहिली. मग हलकं आवळून फिनिश. ड्रॉइंगवर टॉलरन्स कडक असेल तर रफिंगआधीच स्ट्रेस रिलीव्हिंगला पाठवा. साध्या स्टीलला ६०० ते ६५० अंश, दर २५ मिमी जाडीला तासभर, म्हणजे ५० च्या प्लेटला दोन तास, आणि भट्टीतच थंड. अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे असतील तर ६०६१ टी ६ आणि टी ६५१ यांत फरक करा. टी ६५१ ची प्लेट ताणून ताण काढलेली असते, म्हणून कमी वाकते. बिलावर काय लिहिलंय ते वाचा.

पावसाळ्यात आमच्याकडे खाडीचा वारा लागतो. ब्लँक उघड्यावर आठवडाभर पडले तरी गंज पापुद्र्यानं सुटतो. मापाला फार फरक पडत नाही, पण पंचची खूण दिसेनाशी होते. पंच मारला त्याच दिवशी रीम करा.

दोन-तीन पीसचं काम असेल तर यातलं काही करू नका. कॅममध्ये सरळ ठोकळा द्या, टूल हवेत फिरू दे, थोडा वेळ वाया गेला तर गेला. टेम्प्लेट, डॉवेल, फिक्स्चर हे दहा-बारा पीसच्या पुढे आणि परत परत येणाऱ्या कामालाच परवडतं. आणि पहिला पीस कितीही खात्री असली तरी सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ चालवत), रॅपिड २५ टक्क्यांवर. काका ते न सांगताच करतात, मला मात्र दर वेळी घाई असते.

गेल्या लॉटमध्ये इन्सर्ट गेला नाही. अकरावा ब्लँक टेम्प्लेटवरच अडकला, आडवी टांग टोकाला तोकडी होती, तो बाजूला काढला. कटिंगवाल्याचा माणूस तो बदलायला आला होता. त्यानं अ‍ॅक्रिलिक उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, याची एक आमच्याकडे पण द्या ना, तिथंच बघून पाठवतो." दिली. पण दुसरी कापायला मी लेझरवाल्याला जुन्या रेव्हिजनची फाइल पाठवली होती, एक भोक ३ मिमी सरकलेलं. ती परत मागवून नवी दिली, आणि आता दोन्हींवर मार्करनं रेव्हिजन नंबर लिहिलाय.